ठमी जेवत नाही

मावशींच्या पाळणाघरात न जेवणारं मूल आजवर टिकलेलं नाही. म्हणजे मूल टिकायचं, न जेवणं टिकायचं नाही. सकाळी दाराशी पोर सोडताना आई सुस्कारा टाकायची, "काही म्हणजे काही खात नाही हो!" आणि संध्याकाळी न्यायला यायची तेव्हा तेच पोर गालाला भात फासून ढेकर देत बाहेर यायचं. ही विद्या मावशी कुठे शिकायला गेल्या नव्हत्या. त्यांना 'नको' हा शब्द मुळी ऐकूच यायचा नाही. मूल 'नको' म्हणालं की त्या समजायच्या, जरा थांबून द्या. 'नको, नको' म्हणालं तर लगेच द्या. तोंड गच्च मिटून मान फिरवली तर घास मोठा करा. गोष्ट रंगात आली की पोराचा आपोआप आ व्हायचा, आणि तेवढ्यात चमचा आत जायचा. इतक्या वर्षांत त्यांच्याकडून एकाही पोराचा डबा भरलेला घरी गेला नव्हता, आणि या गोष्टीचा त्यांना जो गर्व होता तो त्यांनी कधी लपवलाही नव्हता.

अशा बाईच्या घरात पोटच्या पोरीनंच न जेवणारा जीव आणून ठेवला.

पोरीचं नाव चिमणी. लहानपणी नुसती हाडं दिसायची म्हणून हे नाव पडलं, आणि मावशींनी भरवून भरवून तिचा गोळा केला तरी ते बदललं नाही. आता ती किड्यामुंग्यांवर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत कामाला होती. नवराही तिथलाच. लग्नही तिथेच, बरण्यांच्या साक्षीनं जमलं, असं काका म्हणायचे. काका म्हणजे मावशींचे यजमान. बस डेपोतून निवृत्त झाल्यापासून त्यांचं मुख्य काम मावशींच्या प्रत्येक वाक्यावर शेरा मारणं हेच होतं.

तर एका रविवारी चिमणी आली. सहावा महिना लागलेला, चालणं जरा डुलत. मागून जावई, त्यांच्या हातात टॉवेलनं झाकलेली काचेची पेटी. मावशींना वाटलं, केक असेल. त्यांनी कौतुकानं टॉवेल उचलला आणि जितक्या जोरात उचलला त्याच्या दुप्पट जोरात परत टाकला.

"आई, घाबरू नकोस. ही ठमी."

"ठमी? अगं, कोळी आहे तो! आणि हा एवढा? माझ्या हाताएवढा आहे!"

"टॅरंटुला आहे. मादी आहे. स्वभावानं गरीब आहे अगदी."

"दिसतोय गरीब," काका टॉवेलच्या फटीतून बघत म्हणाले. "आठ पाय आहेत, एकालाही चप्पल नाही."

गोष्ट अशी होती, की दोघांनाही कामासाठी महिनाभर परगावी जायचं होतं आणि ठमीला सांभाळायला कुणी नव्हतं. मावशी साफ नाही म्हणणार होत्या. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण चिमणीनं तेवढ्यात दुसराच विषय काढला.

"आई, बाळाचं अजून ठरवलेलं नाही मी. कामावर परत जायला लागले की कुठे ठेवायचं ते. आमच्या ऑफिसजवळ एक पाळणाघर बघून आलो आम्ही. चांगलं वाटलं. तिथे मुलापुढे ताट ठेवतात. खाल्लं तर खाल्लं, नाही तर उचलून नेतात."

मावशींचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. "उचलून नेतात? ताट? पोरासमोरून?"

"हो."

"आणि अशा कसायांकडे तू माझं नातवंड ठेवणार? मी इथे जिवंत असताना? लोक काय म्हणतील? हिच्या पाळणाघरात अख्ख्या गल्लीची पोरं, आणि हिचं स्वतःचं नातवंड दुसरीकडे! मला तोंड दाखवायला जागा राहील का?"

"म्हणूनच म्हणते," चिमणी शांतपणे म्हणाली. लहानपणी ती अशी शांत झाली की पुढे काहीतरी वाढून ठेवलेलं असायचं. "महिनाभर ठमीला सांभाळ. पण मी सांगते तसं, तुझ्या मनानं नाही. परत आल्यावर बघू."

"म्हणजे मी परीक्षा द्यायची? या वयात? कोळ्याची?"

"दे ना," काका म्हणाले. "पास झालीस तर पेढे," आणि मावशींनी त्यांच्याकडे पाहिल्यावर, "बरं, किडे वाटू."

चिमणीनं सगळं समजावून सांगितलं. वाटीत पाणी कायम भरलेलं हवं. आठवड्यातून एकदा एक रातकिडा पेटीत सोडायचा. सकाळपर्यंत खाल्ला नाही तर चिमट्यानं बाहेर काढायचा. हे मात्र विसरायचं नाही, किडा आत राहू द्यायचा नाही. ठमीला हात लावायचा नाही, बळजबरी करायची नाही.

"आणि नाहीच खाल्लं तर?"

"तर नाही खाल्लं."

"म्हणजे करायचं काय?"

"काही नाही."

मावशींनी मान डोलावली, पण मनातल्या मनात त्यांनी लेकीची कीव केली. एवढं शिकली, पण जेवू कसं घालायचं ते शिकली नाही. माझ्या घरी येऊन कुणी उपाशी राहील? त्यांनी पदर खोचला तो त्याच क्षणी.

ठमीची पेटी मागच्या खोलीत शिवणयंत्राच्या टेबलावर ठेवली. खोलीला कुलूप, किल्ली मावशींच्या कमरेला, कारण पाळणाघरातल्या पोरांच्या आयांना हे कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी पाळणाघरात फक्त पाळणे उरले असते. रातकिडे आणायला त्या शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात गेल्या. दुकानदारानं विचारलं, "कशासाठी हवेत?" मावशी म्हणाल्या, "घरी एकजण आलीय, तिला जेवायला." दुकानदारानं पुढे काही विचारलं नाही, डबा मात्र हात लांब करून दिला.

पहिला किडा सोडला. तो तुरुतुरु चालत ठमीपाशी गेला. ठमीनं एक पाय उचलला, त्याला हलकेच बाजूला सारलं आणि कोपऱ्यात तोंड करून बसली. हे मान फिरवणं मावशींच्या चांगल्या ओळखीचं होतं. 'लाजतेय,' त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

त्यांनी आपली सगळी शस्त्रं बाहेर काढली. आधी पाठ फिरवून बसल्या, कारण काही मुलं कुणी बघत नसलं की खातात. मग चिमट्यात किडा धरून विमानासारखा गोल गोल फिरवला. मग रुसल्या. मग एका राजकन्येची गोष्ट सांगितली, ती शहाणी असते आणि सगळं संपवते. शेवटी हुकमी उपाय म्हणून किडा स्वतःच्या तोंडापाशी नेऊन म्हणाल्या, "नाही ना खात? मग मी खाऊन टाकीन हं!"

"खा बघू," दारात उभे असलेले काका म्हणाले.

मावशींनी दार लावून घेतलं. पुन्हा वळून त्यांनी चिमटा जरा जास्तच पुढे नेला, तशी ठमी गर्रकन फिरली आणि मागच्या पायांनी आपल्या पाठीवरचे केस भराभर उडवू लागली. मावशींना आधी ते गोड वाटलं. मग हाताला खाज सुटली. संध्याकाळपर्यंत त्या कोपरापर्यंत खाजवत होत्या, आणि आया विचारत होत्या, "मावशी, डास चावले का?"

"नाही हो," मावशी वैतागून बोलून गेल्या. "ती नवी आलीय ना, ठमी, तिनं छळ मांडलाय. काही केल्या जेवत नाही."

झालं. दारात उभ्या असलेल्या आयांचे कान टवकारले. मावशींकडे एखादं मूल जेवत नाही ही बातमीच होती.

"कुणाची हो?"

"आमच्या चिमणीची," मावशी म्हणाल्या आणि जीभ चावली.

"अय्या! झालीसुद्धा? लवकर झाली मग!"

आता पाऊल मागे घ्यायची सोय नव्हती. "म्हणजे... तशी दत्तकच म्हणा," मावशी पुटपुटल्या.

"किती मोठी आहे? दात आलेत?"

"आलेत की. दोन. चांगले मोठे आहेत."

"मग दाताचंच असेल ते. रांगते का?"

"रांगते, रांगते. काचेवरसुद्धा," असं मावशी म्हणणार होत्या, पण आवरलं. "खूप रांगते," एवढंच म्हणाल्या. एक आई आहारतज्ज्ञ होती. तिनं दुसऱ्या दिवशी भूक वाढवायच्या औषधाची बाटली आणून दिली आणि बजावलं, रोज अर्धा चमचा, आणि अंगाला तेल लावून मालिश करा, केस छान वाढतील. ती बाटली घेऊन मावशी मागच्या खोलीत गेल्या, ठमीच्या अंगावरच्या केसांकडे बघत बराच वेळ उभ्या राहिल्या, आणि बाटली कपाटात ठेवून दिली.

पहिल्या आठवड्यानंतर चिमणीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि मग प्रश्न आलाच.

"ठमीनं खाल्लं का गं काही?"

खोटं बोलायचं मावशींच्या मनातही नव्हतं. पण 'नाही खाल्लं' हे दोन शब्द त्यांच्या जिभेनं कधी उच्चारलेच नव्हते, आणि ते येईनात. शिवाय डोळ्यांपुढे ते दुसरं पाळणाघर उभं राहिलं, त्यांचं नातवंड खुर्चीत बसलंय आणि कुणीतरी समोरून ताट उचलून नेतंय.

"खाल्लं ना!" त्या म्हणाल्या. "न खाऊन सांगते कुणाला!"

पलीकडे जरा वेळ शांतता होती. "खाल्लं? नक्की?"

एकदा सुरुवात झाल्यावर मावशींनी हात आखडता घेतला नाही. "दोन खाल्ले. तिसऱ्याकडे बघत होती, पण म्हटलं नको, पोट बिघडायचं."

मागे जावयांना जोराचा ठसका लागलेला ऐकू आला.

"बरं," चिमणी म्हणाली. "पोट कसं दिसतंय तिचं? काळपट झालंय का?"

ठमीचं पोट चांगलंच काळपट झालं होतं. "छे! काळं कशाला पडेल? उलट उजळलीय माझ्याकडे आल्यापासून."

"आणि किडा आत राहू देत नाहीस ना?"

"नाही गं बाई. सांगितलंस ना तू."

फोन ठेवल्यावर काका वर्तमानपत्राआडून म्हणाले, "उद्या सांग, दूधभात खाते आणि शुभंकरोती म्हणते." मावशी तरातरा आत निघून गेल्या. त्यांना लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षाही जास्त राग येत होता, तो ठमीचा. एक घास खाल्ला असता तर काय बिघडलं असतं? निदान अर्धं खोटं तरी खरं झालं असतं.

आणि इथेच त्यांच्याकडून ती चूक झाली. त्यांच्या घरात पूर्वीपासून जेवणावरून कुणी रुसून उठलं तर ताट उचलायची पद्धत नव्हती. ताट झाकून तिथेच ठेवायचं. रुसवा आणि भूक यांचं भांडण होऊ द्यायचं, भूक जिंकते. चिमणीच्या शाळेच्या दिवसांत अशी झाकलेली ताटं कायम टेबलावर असायची. तेव्हा मावशींनी विचार केला, सकाळी किडा काढून घ्यायचा म्हणजे जेवणाऱ्याच्या तोंडचं काढणंच की. राहू दे आत. भूक लागेल तेव्हा हाताशी असलेला बरा. एक ठेवला. मग एकटा नजरेस पडत नसेल म्हणून दुसरा ठेवला, आणि मग तिसरा. किडे आत मजेत राहू लागले, ठमीची वाटी वापरू लागले आणि अधूनमधून गाऊही लागले. मुलांना झोपवताना मागच्या खोलीतून किर्रर्र ऐकू यायचं. मुलं विचारायची, तो आवाज कसला? मावशी सांगायच्या, शिवणयंत्र बिघडलंय.

पुढच्या फोनवर ठमीनं आणखी दोन किडे खाल्ले. त्याच्या पुढच्या फोनवर तिला मावशींचा लळा लागला.

एका दुपारी मुलं झोपल्यावर मावशी वाटीत पाणी घालायला आत गेल्या आणि टेबलापाशीच थबकल्या. ठमीनं पेटीच्या तळाशी पांढरं, रेशमी अंथरूण विणलं होतं आणि त्यावर ती उताणी पडली होती. आठही पाय वर. हालचाल नाही. आणि तिच्याभोवती ते तीन किडे फिरत होते. एकानं तिच्या पायाचं टोक तोंडात धरलं होतं आणि तो सावकाश कुरतडत होता.

मावशींना आधी कळेचना आपण काय बघतोय ते. मग कळलं. ज्यांना त्यांनी ताटात वाढलं होतं ते जेवत होते.

त्यांनी तोंडावर हात दाबून काकांना खुणेनं बोलावलं. काका आले, वाकून बघितलं आणि पहिल्यांदाच शेरा न मारता म्हणाले, "गेली गं बिचारी."

पण मावशींची नजर झोपलेल्या पोरांवर तयार झालेली होती. कोण खरं झोपलंय आणि कोण सोंग करतंय हे त्यांना लांबून कळायचं. त्यांनी काचेला नाक लावलं. दुसरा एक पाय अगदी किंचित, थरथरल्यासारखा हलला. "जिवंत आहे," त्या म्हणाल्या. पण आता काय करायचं हे सांगू शकणारी व्यक्ती जगात एकच होती, आणि तिला फोन करायचा म्हणजे सगळंच सांगावं लागणार होतं. नातवंडाचा पाळणा त्यांना डोळ्यांसमोर दिसला, आणि तो दुसऱ्याच्या घरात दिसला. किडा कुरतडतच होता. मावशींनी फोन उचलला.

"चिमणे, मध्ये बोलू नकोस, नाहीतर मला सांगता येणार नाही. मी खोटं बोलले. तिनं काहीही खाल्लेलं नाही. एकही किडा नाही. आली तेव्हापासून ती माझ्याकडे जेवलीच नाही. मी किडे आतच ठेवले, तीन आहेत, आणि आता ती उताणी पडलीय आणि ते तिचा पाय खातायत. काय करू सांग."

चिमणी ओरडली नाही. पण तिचा आवाज घाईचा झाला. "आई, ती मेलेली नाही. कात टाकतेय. आधी किडे काढ. तिला धक्का लागता कामा नये, अंथरूण हलता कामा नये. काढ, मी फोनवर आहे."

पहिला किडा मावशींनी चिमट्यानं उचलला, तोच पायाशी असलेला. हजार पोरांच्या नाकातले मणी काढलेला हात होता तो. दुसराही सापडला. तिसरा ठमीला लपायला ठेवलेल्या मडक्याच्या तुकड्याखाली जाऊन बसला. शेवटी काकांनी स्वयंपाकघरातून चहाची गाळणी आणली आणि डेपोत कधी दाखवली नव्हती इतकी चपळाई दाखवून त्याला पकडलं.

"काढले," मावशी धापा टाकत म्हणाल्या. "आता?"

"आता काही नाही."

"काही नाही म्हणजे? पाणी शिंपडू? ऊब देऊ? जखमेला काही लावू?"

"काहीही करायचं नाही, आई. तिचं ती करेल. तू नुसती थांब." मग जरा थांबून, "जमेल?"

मावशी स्टुलावर बसल्या आणि त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. आयुष्यात त्यांनी पुष्कळ कामं केली होती, पण काही न करण्याचं काम त्यांच्यावर कधी पडलं नव्हतं. खूप वेळ काहीच झालं नाही. मग ठमीच्या अंगाची कड उकलली, डब्याचं झाकण सैल व्हावं तशी, आणि ती जुन्या कातडीतून एकेक पाय बाहेर ओढू लागली. इंचभर ओढायची आणि थांबायची. दमायची. पुन्हा ओढायची. कुरतडलेला पाय अडकला. चिमट्यानं अलगद धरून जरासं ओढलं तर, एवढंसंच, कुणाला कळणारही नाही. त्यांनी हात आणखी घट्ट दाबले. "ओढ गं, माझे बाई," त्या म्हणाल्या. "मी नाही हो मध्ये येत." आणि त्यांना रडू फुटलं. ठमीसाठी की कशासाठी, ते त्यांना सांगता आलं नसतं. त्यांना झाकलेली ताटं आठवली, आणि त्या ताटांसमोर ओठ मिटून बसलेली एक लहान मुलगी आठवली. ती भूक लागली म्हणून खात नसे, सुटका व्हावी म्हणून खात असे, हे त्यांना आत्ता कळलं.

संध्याकाळ व्हायच्या आत ठमी पूर्ण बाहेर आली. फिकट, मऊ, ओलसर, आणि एक पाय टोकाशी तुटका. दरम्यान बाहेर मुलं उठली होती आणि काकांनी बिस्किटांचा अख्खा डबा त्यांच्या स्वाधीन केला होता. त्यामुळे त्या रात्री गल्लीतल्या एकाही घरात पोर जेवलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी मावशींच्या आयुष्यातली पहिली तक्रार दारात आली. मावशींना तिचं काहीच वाटलं नाही.

"आता दहाएक दिवस तिला काही द्यायचं नाही," चिमणीनं फोनवर सांगितलं. "दात मऊ असतात. जमेल?"

"जमेल," मावशी म्हणाल्या. त्यांनी रातकिड्यांचा डबा मागच्या आवारात नेऊन उघडा केला. त्यानंतर जो कुणी विचारेल त्याला त्या सरळ सांगू लागल्या, "नाही, जेवत नाही. तिला नको आहे." आहारतज्ज्ञ आईनं ते ऐकून चिंतेनं विचारलं, मुलीला डॉक्टरला दाखवलंत का? मावशी म्हणाल्या, "दाखवलं. पाय नवा फुटेल म्हणाले." त्या आईनं नंतर बरेच दिवस त्यांच्या नजरेला नजर दिली नाही.

चिमणी आणि जावई परत आले तेव्हा मावशींनी टेबलावर जेवण मांडून ठेवलं होतं, पण स्वतःच्या घशाखाली सकाळपासून काही उतरलं नव्हतं. चिमणीनं आधी ठमीला बघितलं. ठमी तांबूस, चकचकीत झाली होती आणि आखूड पाय जरासा उचलून चालत होती. चिमणी बराच वेळ त्या पायाकडे बघत राहिली. मग सगळे जेवायला बसले. मावशी उभ्याच राहिल्या. त्यांनी मनाशी ठरवलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं.

"चिमणे, बाळाला त्या दुसऱ्या पाळणाघरातच ठेव. मला वाईट वाटेल, खूप वाटेल, पण ठेव. ते माझ्यासमोर ओठ मिटून बसलं तर मी काय करीन याचा मला भरवसा नाही. आणि तुला फोनवर काय सांगीन, याचा तर मुळीच नाही."

काकांनी घास हातातच धरला. चिमणी म्हणाली, "ती जागा मी नको म्हणून कळवली. मागेच. तू त्या दुपारी फोन केलास ना, त्याच संध्याकाळी."

"का?"

"कारण जन्मात पहिल्यांदा तू म्हणालीस, की तुझ्याकडे कुणीतरी जेवलं नाही."

मावशींच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. "थांब. खाल्लं म्हटलं तेव्हा तू गप्प झालीस. दोन म्हटलं तेव्हा जावयांना ठसका लागला. म्हणजे तुला माहीत होतं?"

"कात टाकायच्या आधी त्या महिनाभरही खात नाहीत, आई. आणताना तिचं पोट बघूनच मला कळलं होतं. तू काहीही केलं असतंस तरी ती खाणार नव्हती."

"लबाड कार्टे! आणि मला परीक्षेला बसवलंस!"

"भरवायची परीक्षा नव्हतीच ती. कुणी नको म्हणालं तर तुला ऐकू येतं का, एवढंच बघायचं होतं." मग चिमणीनं मान खाली घातली. "पण तू किडे आत ठेवशील हे मला कळायला हवं होतं. झाकलेली ताटं मीच तर खाल्लीत. तिचा पाय माझ्यामुळेही गेला."

"निम्मा तुझा, निम्मा माझा," मावशी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, म्हणून त्यांनी घाईघाईनं पातेलं उचललं. "भात घे गं अजून."

"नको."

डाव हवेतच थांबला. सगळे मावशींकडे बघू लागले. मावशींनी एक मोठा श्वास घेतला, डाव पातेल्यात ठेवला, पातेलं टेबलावर ठेवलं आणि खुर्ची ओढून बसल्या. "बरं," त्या म्हणाल्या.

"हिला पाणी द्या कुणीतरी," काका म्हणाले. "घेरी येईल."

चिमणी हसली. मग तिच्या लक्षात आलं की मावशींपुढे ताटच नाही. "आई, तू नाही जेवलीस? वाढू तुला?"

"नको गं," मावशी म्हणाल्या. पोटात कावळे ओरडत होते, पण ते एकदम कसं सांगायचं? "भूक नाही मला."

"बरं," चिमणी म्हणाली आणि आपल्या ताटातला बटाटा खाऊ लागली.

मावशी वाट बघत राहिल्या. जावई भाताच्या पातेल्याकडे हात नेत अर्धवट उठले, बायकोनं डोळ्यांनी दटावलं तसे खाली बसले. काका ताटात बघून एकेक शीत वेचत होते. भाताची वाफ मावशींच्या नाकापर्यंत येत होती. चिमणीनं बटाटा संपवला, घोटभर पाणी घेतलं, आणि आईकडे अगदी निरागस चेहऱ्यानं बघितलं.

"अगं," मावशी शेवटी न राहवून म्हणाल्या, "नको म्हटलं म्हणून काय लगेच ऐकायचं? एकदा तरी आग्रह कर की मेले!"